आतलं की बाहेरचं?

आमच्या स्कूटरची किक खाली जायची ती खालीच राहायची. पायाच्या बोटाने उचलून तिला जागेवर आणावं लागे. आतली स्प्रिंग तुटली आहे, हे सोसायटीत सगळ्यांना माझ्याआधी कळलं होतं. कव्हर उतरवलं, तर किकच्या शाफ्टवर खाचेत बसलेली सर्क्लिप, म्हणजे शाफ्टला जागेवर धरून ठेवणारं स्प्रिंगचं कडं, दिसली. गॅरेजवाले तिला नुसतं 'लॉक' म्हणतात. मध्ये फट, टोकांना दोन बारीक छिद्रं, किंमत चहाएवढीही नाही. पण ती हटल्याशिवाय शाफ्ट हलणार नाही.

लॉक काढायची पक्कड वेगळी असते, आणि तिच्यातही दोन जाती. शाफ्टवरच्या लॉकची पक्कड दांडे दाबले की टोकं फाकवते, म्हणजे कडं मोठं होऊन निघतं. भोकाच्या आत बसणाऱ्या लॉकची पक्कड दांडे दाबले की टोकं मिटवते. घरात जी असते ती कायम दुसऱ्या जातीची असते.

"जावईबापू, ही घ्या. जुनी आहे, पण अस्सल पोलाद," सासरे म्हणाले. पक्कड अस्सल होती. आतल्या लॉकची होती.

"कशाला हवी पक्कड? स्क्रू ड्रायव्हरने होतं!" म्हणत तळमजल्यावरचे काका सरसावले. ई-क्लिपच्या, म्हणजे इंग्रजी E च्या आकाराच्या लॉकच्या, बाबतीत ते खरंही आहे. तिला छिद्रंच नसतात, बाजूने ढकलली की निघते. पण आमचं लॉक छिद्रवालं. काकांनी फटीत टोक घातलं, मनगट फिरवलं आणि टिंग्! स्प्रिंगचं पोलाद ते, सुटल्यावर थांबतंय कशाला? काका मात्र खूश. "निघालं ना?"

मग फ्रिजवरचा चुंबक दोरीला बांधून पार्किंग विंचरलं. खिळे आले, हेअरपिना आल्या, कुणाच्या तरी सायकलचा छर्रा आला. लॉक आलं नाही.

नवं लॉक आणि पक्कड घ्यायला पुण्याच्या हार्डवेअर बाजारात, बोहरी आळीत गेलो, तर दुकानदाराने मुलीकडच्या बैठकीसारखी चौकशी केली. आतलं की बाहेरचं? पकडीची टोकं सरळ की काटकोनात? शाफ्ट किती एमएमचा? शाफ्ट सोबत नेला होता म्हणून वाचलो, कारण लॉकचं माप शाफ्टवरून बोलतात. २० एमएम शाफ्टचं लॉक मोकळं असताना आतून १८.५च भरतं, तेव्हाच ते खाचेत घट्ट बसतं. शेजारचं गिऱ्हाईक मोडकं लॉक पट्टीने मोजून "साडेअठराचं द्या" म्हणत होतं. दुकानदाराने त्याच्याकडे दयेने पाहिलं.

"जास्त फाकवू नका, मग ते आवळत नाही," तो मला म्हणाला. "आणि पारदर्शक पिशवीत हात घालून बसवा. उडालं तरी पिशवीतच राहील."

म्हणून रविवारी, नवी स्प्रिंग आत घालून झाल्यावर, भर पार्किंगमध्ये डोळ्यांवर गॉगल आणि मनगटापर्यंत प्लॅस्टिकची पिशवी अशा थाटात मी कव्हरवर ओणवा झालो. सेक्रेटरी दुरूनच वळले. छापाच्या, म्हणजे पत्र्यातून ठोकून कापलेल्या लॉकची एक कड गोलसर, दुसरी धारदार. जिकडे जोर जाणार तिकडे धारदार कड ठेवायची. खाचेत बसल्यावर टोकाने ढकलून पाहिलं. गोल फिरलं, म्हणजे पुरतं बसलं.

किक खाली गेली आणि आपणहून वर आली. सासरे त्यांची पक्कड फडक्याने पुसत म्हणाले, "मागच्या चाकातून घरघर येतेय बरं का. बेअरिंगला आतलं लॉक असतं."

"नाही येत," मी म्हणालो आणि हॉर्न वाजवला.