काठी मुलीची, म्हातारपण माझं

मुलीला शाळेच्या नाटकात आजोबांचं काम मिळालं. तीन वाक्यं होती, त्यातलं एक म्हणजे नुसता खोकला. पण काठी हवी, तीही वाकड्या मुठीची. मी रात्री पडल्या पडल्या फोनवरून मागवून टाकली. विषय तिथेच संपायला हवा होता.

सकाळी फोन उघडला तर 'खास तुमच्यासाठी' या मथळ्याखाली गुडघ्याचा पट्टा, शेकायची पिशवी, ठळक आकड्यांचा फोन आणि कवळी ठेवायची डबी. मी बेचाळीस वर्षांचा आहे. दात सगळे माझेच आहेत.

असल्या सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या मित्राला गाठलं. तो म्हणाला, "तुला कोण ओळखतंय? ते काठीला ओळखतात." काठी घेणाऱ्यांनी आणखी काय काय घेतलं ते बघायचं आणि पुढच्या काठीवाल्याच्या गळ्यात तेच मारायचं, अशी ही युक्ती. अ‍ॅमेझॉनवाल्यांनी ती १९९८ च्या सुमारास वापरात आणली, पुढे ज्याने त्याने उचलली. म्हणजे 'खास माझ्यासाठी' जे येतं, ते मी कधीही न पाहिलेल्या काही हजार आजोबांनी मिळून ठरवलेलं असतं!

एकदा कानफाट्या नाव पडलं की पडलं. पण मीही जिद्दीला पेटलो. तरुण दिसायचं ठरवून चाकाचे बूट, म्हणजे स्केट्स, शोधले. पंधरा मिनिटं वेगवेगळ्या रंगांच्या जोड्या न्याहाळत बसलो. फोनने विचार केला असावा. संध्याकाळी जाहिरात आली: 'नातवंडांना द्या आनंदाची भेट!'

मग कुणीतरी कुकीज, म्हणजे वेबसाइट आपल्या फोनमध्ये ठेवून जातात त्या छोट्या नोंदी, पुसायला सांगितलं. लू माँटुली नावाच्या प्रोग्रामरने १९९४ मध्ये ही कुकी काढली, वेबसाइटला गिऱ्हाईक लक्षात राहावं म्हणून. मी सगळ्या पुसल्या आणि सगळ्याच वेबसाइट मला विसरल्या. प्रत्येकजण पासवर्ड मागू लागला. ते मला तरी कुठे आठवत होते? चार ठिकाणी 'पासवर्ड विसरलो' दाबलं. एकीने पडताळणीसाठी पहिल्या शिक्षिकेचं नाव विचारलं, तेही आठवेना. शेवटी कसाबसा आत शिरलो, तर काठी तिथेच उभी! खरेदीचा इतिहास कुकीत नसतो, खात्यात असतो, हे मित्राने नंतर सांगितलं. दुसऱ्या दिवशी स्मरणशक्तीच्या गोळ्यांची जाहिरात आली. हा योगायोग असेल. असेलही.

तोवर ही बातमी फोनबाहेरही फुटली असावी. विमा कंपनीतल्या कुणा एका मुलीचा फोन आला. "आजोबा, ऐ-कू ये-तंय ना?" ती एकेक अक्षर सुटं करून, मोठ्याने बोलत होती. मी ओरडलो, "मी आजोबा नाही!" त्यावर ती आणखी हळू आणि आणखी मायेने म्हणाली, "बरं बरं, घरात दुसरं कुणी आहे का?"

नाटक छान झालं. मुलीच्या खोकल्याला टाळ्या पडल्या. काठी आता दाराआड उभी आहे आणि मी तिच्याकडे बघायचं टाळतो. गेल्या आठवड्यात मात्र जिना चढलो तेव्हा गुडघा कुरकुरला, तर पहिल्यांदा मनात काय आलं? तो पट्टा दिसायला वाईट नव्हता. मी लगेच तो विचार झटकला. न जाणो, विचारही नोंदवून घेत असतील.

हे सगळं तावातावाने बायकोला सांगत होतो. ती तिच्या फोनमध्ये डोकं घालून काहीतरी वाचत होती. "काय वाचतेस एवढं?" म्हटलं.

"आपोआपच आलंय समोर. 'घरातील ज्येष्ठांना कसे सांभाळावे.'" तिने बोटाने पान थोडं वर सरकवलं. "बरोबर लिहिलंय हं. या वयात चिडचिड वाढते म्हणे."