तारीख तरी नीट सांगा हो!

परवा पुन्हा तेच. बहिणीचं विमान १५ तारखेला रात्री अडीचचं आणि घरच्यांनी गाडी सांगून ठेवली १५ च्या संध्याकाळची! अहो, बारा वाजले की तारीख बदलते. म्हणजे नाशिकहून १४ लाच निघायचं, तेही संध्याकाळी सहाच्या आत. सहज तिकीट बघितलं म्हणून निभावलं. मुंबई विमानतळ इथून पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, त्यात कसारा घाट. एक ट्रक बंद पडला की तास-दोन तास गेलेच.

बरं, गाडी आली. डिकी उघडली तर निम्म्या डिकीत सीएनजीची टाकी! बॅगा चार मोठ्या. एक आईच्या पायाशी कोंबली, ती बिचारी थेट सहार विमानतळापर्यंत पाय आखडून बसली. गुडघे दुखतात तिचे. सामान किती, हे फोनवर सांगायला काय जातं?

नुसतं ‘मुंबई एअरपोर्ट’ म्हणूनही भागत नाही. टर्मिनल १ सांताक्रूझला, २ सहारला. भाडं टोल धरून की सोडून, तेही आधीच ठरवा. आणि ड्रायव्हरचा नंबर आदल्या रात्रीच घ्या, ऐनवेळी एजंट फोन उचलत नाही.