आईला बेल्ट लागेल, दादा

गेल्या मंगळवारी दादाने घरच्या ग्रुपवर एक लांबलचक फॉरवर्ड टाकला आणि खाली लिहिलं, ‘आईसाठी अशीच गाडी घ्यायची.’ तोच मजकूर मला आधी सोसायटीच्या ग्रुपवर आला होता, कामावरच्या ग्रुपवरही आला होता. तेव्हा मी तो न वाचताच पुसून टाकला. या वेळी बसून वाचला, कारण दादा खरोखरच गाडी घ्यायला निघाला आहे. भांडुपची आमची जुनी खोली पुनर्विकासात गेली आणि चार पैसे हातात आले. आई ७६ वर्षांची आहे, तिच्या मणक्याची हाडं ठिसूळ झाली आहेत. दर महिन्याला तिला परळला दाखवायला न्यावं लागतं. टॅक्सीतून उतरली की पाच मिनिटं कंबर धरून उभी राहते, मगच पाऊल टाकते. तिचा हा त्रास कमी व्हावा असं दादाला वाटतं. मलाही तेच वाटतं, म्हणून हे लिहितेय.

फॉरवर्ड थोडक्यात असा: नव्या मध्यम गाडीच्या पैशात दहा वर्षं जुनी जर्मन सेडान घ्या, आराम तोच मिळतो. रिम, म्हणजे टायरच्या आतली धातूची चकती, जितकी मोठी तितकी गाडी अलगद चालते. सस्पेन्शन, म्हणजे चाकांवरचे स्प्रिंग आणि शॉकअप, जितकं मऊ तितकी पाठ खूश. एअर सस्पेन्शन आयुष्यभर बघावं लागत नाही. रोल्स-रॉइस म्हणजे आतून बीएमडब्ल्यूच, फरक फक्त बिल्ल्याचा. मोठा स्क्रीन म्हणजे उत्तम डिझाइन. आणि शेवटी, मागच्या सीटवर बेल्ट लावू नका, त्याने आरामच जातो. एवढ्या महाग गाडीत एअरबॅग असतात, तेव्हा सीट मागे पाडा आणि खुशाल झोपा. मध्येच अलवारच्या महाराजांनी रोल्स-रॉइस कचरा उचलायला लावल्याची गोष्ट घुसवली आहे.

मी चौदा वर्षं वसईला बसच्या सीट बनवणाऱ्या कारखान्यात काम करतेय. चालत्या गाडीतले हादरे सीटमधून माणसाच्या अंगात किती पोचतात, हे मोजणं माझं काम. त्यामुळे यातलं एकेक वाक्य मला डाचतंय, पण शेवटचं तर सहनच होत नाही. त्यामुळे सुरुवात तिथूनच.

४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांची गाडी कठड्याला धडकली. गाडी मर्सिडीज होती. पुढे बसलेले दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागे बसलेले दोघेही गेले. त्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं. मुंबईच्या इतक्या जवळ घडलेली आणि घराघरात आठवडाभर बोलली गेलेली ही घटना. दोन महिन्यांच्या आत, १ नोव्हेंबरपासून, मुंबई पोलिसांनी गाडीतल्या सगळ्यांना बेल्ट सक्तीचा केला. मागच्या सीटचा नियम कायद्यात त्याच्याही आधीपासून होता, दंड हजार रुपये. तरीही त्याच मुंबईत ‘मागे बेल्ट नको’ असं लिहिणारा माणूस आहे आणि ते पुढे ढकलणारे शेकडो आहेत. त्यात माझा सख्खा भाऊ आहे.

आता एअरबॅगचं. स्टीअरिंगवर किंवा डॅशबोर्डवर ‘एसआरएस’ अशी अक्षरं असतात. त्यातला पहिला ‘एस’ म्हणजे ‘सप्लिमेंटल’, पूरक. कशाला पूरक? बेल्टला. बेल्टने माणूस जागेवर धरून ठेवलेला असतो, हे गृहीत धरूनच एअरबॅगची जागा आणि फुगण्याचा वेग ठरवतात. दुसरं असं की, मागे बसणाऱ्याच्या समोरून फुगणारी एअरबॅग ही अगदी अलीकडची गोष्ट आहे. मर्सिडीजने ती २०२० च्या एस-क्लास या आपल्या मोठ्या सेडानमध्ये आणली, तेव्हा कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या गाड्यांत ती जगात पहिली होती. दादा जी दहा वर्षं जुनी सेडान बघतोय, तिच्यात मागे ज्या एअरबॅग आहेत त्या बाजूच्या आहेत. समोरून धडक बसली तर आईच्या पुढ्यात असेल ती फक्त पुढच्या सीटची पाठ.

‘परळला जायचं तर वेग कितीसा असणार’ असं दादा म्हणाला. ताशी ४० किलोमीटर धरू. त्या वेगाने एखाद्या अचल वस्तूवर आदळणं म्हणजे साधारण सव्वासहा मीटर उंचीवरून खाली पडणं. आमच्या जुन्या चाळीतल्या दुसऱ्या मजल्याच्या कठड्यावरून. आईला तिथून कोणी ढकलेल का? आणि ६० चा वेग असेल तर ती उंची चौदा मीटर होते.

सीट पाडून झोपणंही धोक्याचं, बेल्ट लावला तरी. पाठ मागे गेली की खांद्यावरचा पट्टा छातीपासून सुटतो. धडक बसली की कंबर पुढे घसरते, कमरेचा पट्टा हाडावर राहत नाही, वर सरकून पोटात घुसतो. आतडी, यकृत, मणका, सगळ्यालाच इजा. गाडी बनवणाऱ्यांना हे पक्कं माहीत आहे. एस-क्लासमध्ये २०१३ पासून मागे रेलणारी सीट घेतली तर सीटच्या गादीखालीही एक एअरबॅग मिळू लागली. धडकेच्या वेळी ती मांड्यांखालून गादी वर उचलते, माणूस पट्ट्याखालून घसरू नये म्हणून. पट्टाच लावायचा नसता तर त्या कंपनीने एवढा खटाटोप कशासाठी केला असता?

अंधेरीला एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडे आम्ही गेल्या रविवारी जाऊन आलो. चकचकीत काळी सेडान, तपकिरी सीट. मागच्या सीटवर वरून कव्हर चढवलेलं, आणि बेल्टची तिन्ही बक्कलं त्या कव्हरखाली गाडलेली. व्यापारी म्हणाला, मॅडम, मागे कोण लावतो. मी कव्हर उचलून हात घातला, तर एका बक्कलात कसलेतरी तुकडे अडकलेले होते. माझा आवाज चढला. दादाला ते आवडलं नाही.

आता मऊपणाचं. हा मुद्दा माझ्या रोजच्या कामातला आहे. अंगाला बसणाऱ्या हादऱ्यांसाठी एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ २६३१, त्याचा १९९७ चा पहिला भाग. आमच्या टेबलावर त्याची कोपरे फाटलेली प्रत कायम असते. त्याचं सार असं की, शरीर सगळे हादरे सारखेच सोसत नाही. बसलेल्या माणसाला वर-खाली हादरे सगळ्यात जास्त बाधतात ते सेकंदाला ४ ते ८ हादरे या टप्प्यातले. त्या तालात पोट, छाती आणि मणका स्वतःच हलू लागतात. दोन सेकंदांना एक यापेक्षाही संथ झोके असतील, तर पाठ दुखत नाही, पण मळमळतं. गाडी लागण्यासाठी त्या मानकात मापच वेगळं आहे.

म्हणजे नुसती मऊ गाडी पाठीचं दुखणं घालवत नाही. फार मऊ स्प्रिंग आणि थकलेले शॉकअप असले की गाडी होडीसारखी डोलते. आणि फोमची जाड, सोफ्यासारखी सीट स्वतः साधारण सेकंदाला ४ च्या तालावर हादरे वाढवते. नेमकं मणक्याला नको असलेल्या ठिकाणी. शोरूममध्ये उभ्या गाडीत बसून ‘काय मऊ आहे!’ म्हणणाऱ्याला हे कळणारच नाही. ते कळतं रस्त्यावर. सिमेंटच्या रस्त्याला साधारण साडेचार मीटरवर एक सांधा असतो असं धरा. ताशी ४० ला सेकंदाला अडीच सांधे चाकाखालून जातात. ८० ला पाच जातात. १०० ला सहा. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर एकसारखी टकटक ऐकू येते ना, ती या धोक्याच्या टप्प्याच्या बरोबर मध्ये पडते. तिथे चांगली गाडी कोणती? जिचं सस्पेन्शन दणका पटकन विझवतं आणि जिची सीट थोडी घट्ट आहे. आईची गावाकडची लाकडी पाठीची खुर्ची तिला सोफ्यापेक्षा बरी वाटते, ते उगाच नाही.

एक गोष्ट मात्र मला मान्य करावी लागेल. या मोठ्या सेडानच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर खूप असतं, नव्या लांब एस-क्लासमध्ये ते ३.२ मीटरच्या वर आहे. त्यामुळे गाडी पुढे-मागे कमी हेलकावते. हा फायदा खरा आहे, जुन्या गाडीतही टिकतो.

रिमचा दावा मात्र साफ उलटा आहे. टायरवरचे आकडे वाचता आले की पुरे. २४५/५० आर १८ म्हणजे टायरची रुंदी २४५ मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या निम्मी, म्हणजे सव्वाबारा सेंटीमीटर, आणि रिम १८ इंची. तेवढ्याच उंचीचं चाक २१ इंची रिमवर हवं असेल तर २४५/३५ येईल, बाजू साडेआठ सेंटीमीटर. खड्डा आणि पाठ यांच्यामधलं साडेतीन सेंटीमीटरहून जास्त रबर आणि हवा गेली. दिसायला चाक देखणं दिसतं, ते मी नाकारत नाही. पण उखडलेल्या पेव्हर ब्लॉकच्या कडेवर ते देखणेपण थेट कमरेत बसतं. वर टायर रन-फ्लॅट असेल तर त्याची बाजू मुद्दाम कडक केलेली असते, हवा गेल्यावर गाडी तिच्यावर उभी राहावी म्हणून.

एअर सस्पेन्शन आयुष्यभर टिकतं का, हे कुठल्याही गॅरेजवाल्याला विचारा. त्यात स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या असतात, त्या रबराच्या, आणि रबर वयाने चिरतं. पिशवी झिरपू लागली की पंप जास्त पळतो आणि मग तोही जातो. जोवर ठणठणीत आहे तोवर त्याच्यासारखं दुसरं नाही, चार माणसं बसली तरी गाडीची उंची तीच राहते. पण दहा पावसाळे काढलेल्या गाडीत ‘आराम तोच’ म्हणणं म्हणजे दहा वर्षं वापरलेल्या गादीला नवी म्हणणं.

रोल्स-रॉइसचं अर्धं खरं आहे, नाइलाजाने सांगते. कंपनी बीएमडब्ल्यूच्या मालकीची आहे आणि २००९ च्या रोल्स-रॉइस घोस्टमध्ये बीएमडब्ल्यू सेव्हन सिरीजचा सांगाडा आणि काही भाग होते. पण २०१७ ची फँटम स्वतःच्या अॅल्युमिनियमच्या सांगाड्यावर आली, २०२० ची घोस्टही त्याच घडणीची. फँटममध्ये नुसतं आवाज अडवायचं साहित्य १३० किलोच्या वर आहे. नव्या घोस्टच्या वेळी तर इंजिनिअरांना आतली शांतताच अस्वस्थ करू लागली, तेव्हा त्यांनी वेगवेगळे भाग एका सुरात आणून एक बारीक गुणगुण मुद्दाम ठेवली. मला ही गोष्ट फार आवडते, कारण आराम म्हणजे सगळं काढून टाकणं नव्हे, हे त्यांना मोजून कळलं. बिल्ला बदलून हे होत नाही.

स्क्रीनबद्दल एवढंच: गाड्यांची सुरक्षा तपासून गुण देणाऱ्या युरो एनकॅप या युरोपातल्या संस्थेने जानेवारी २०२६ पासून इंडिकेटर, हॅझर्ड, हॉर्न, वायपर आणि आणीबाणीचा कॉल यांना हाताने चाचपता येणारी बटणं नसतील तर गुण कापायचं ठरवलं. अलवारच्या महाराजांची गोष्ट मी निजामाच्या नावाने ऐकली आहे, पतियाळाच्या नावानेही ऐकली आहे. त्यावर वेळ घालवत नाही.

फॉरवर्डमध्ये नसलेली एक गोष्ट आईसाठी सगळ्यात मोठी आहे: सीटची उंची. सेडानमध्ये ती खाली बसते आणि उठताना सगळा भार कमरेवर घेते. सीट तिच्या मांडीच्या उंचीला आली तर ती नुसती वळून बसेल. टोयोटा वेलफायरसारख्या सरकत्या दाराच्या उंच गाड्या इतके लोक का घेतात, ते आमच्या नव्या इमारतीच्या अरुंद पार्किंगमध्ये दार उघडताना कळतं. वेलफायर आपल्या आवाक्यातली नाही, दादा. पण घट्ट सीटची, उंच बसणीची, जाड टायरची नवी साधी गाडी आहे.

येत्या शनिवारी दादा पुन्हा अंधेरीला जाणार आहे, मीही जाणार आहे. आईला घेऊन. व्यापाऱ्याला सांगितलंय की गाडी रात्रभर बंद ठेवा, सकाळी चारही चाकांवरची फट मी टेपने मोजणार; हवेची पिशवी झिरपत असेल तर तो कोपरा खाली बसलेला असेल. मागचं कव्हर काढून ठेवा, बक्कलं साफ करा. मग आई मागे बसेल, बेल्ट लावेल, आणि आम्ही सायनपर्यंत जाऊन येऊ. उतरल्यावर ती किती वेळ कंबर धरून उभी राहते, ते घड्याळ लावून बघायचं.