सेन्सर बिघडले नव्हते!

एसएसएलव्हीचा, म्हणजे छोटे उपग्रह सोडणाऱ्या इस्रोच्या रॉकेटचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "पहिल्या वेळी सेन्सर बिघडला ना!" नाही हो. सेन्सर धडधाकट होते, रॉकेटमधल्या सॉफ्टवेअरनेच त्यांना नापास केलं.

७ ऑगस्ट २०२२, श्रीहरिकोटा. ३४ मीटर उंच, १२० टनांचं रॉकेट. घन इंधनाचे तिन्ही टप्पे नीट जळले. घोळ झाला तो दुसरा टप्पा सुटताना. त्या धक्क्याने इक्विपमेंट बे, म्हणजे नेव्हिगेशनची यंत्रणा जिथे बसवलेली असते तो भाग, क्षणभर थरथरला. सहाही ॲक्सेलरोमीटरचे, म्हणजे वेगातला बदल मोजणाऱ्या सेन्सरचे आकडे मापाबाहेर गेले. बिघाड हुडकणाऱ्या लॉजिकने सगळ्यांनाच सदोष ठरवलं आणि रॉकेट 'सॅल्व्हेज मोड'मध्ये गेलं. या मोडमध्ये मार्ग आधीच ठरलेला, वाटेत चुकलं तर सावरायची सोय नाही. घन इंधनाची मोटर एकदा पेटली की मधेच बंद करता येत नाही, आणि प्रत्येक मोटर थोडी कमी-जास्त ढकलते. म्हणजे सावरणं जिथे सर्वांत गरजेचं, तिथेच ते बंद!

वेग कमी पडला तो एक टक्क्याच्या आसपास. पण ३५६ किमीच्या गोल कक्षेऐवजी मिळाली ३५६ बाय ७६, म्हणजे एका टोकाला ३५६ किमी उंच, तर दुसऱ्या टोकाला फक्त ७६. ७६ किमीवर हवेचं घर्षण उपग्रहाला टिकू देत नाही. ईओएस-०२ गेला, शाळकरी मुलींचा आझादीसॅटही गेला.

माझ्या मते खरी चूक हिशेबाची. सहा सेन्सर ठेवायचे ते एखाददुसरा बिघडेल म्हणून. धक्का मात्र सहांनाही एकदमच बसतो. सगळेच एका क्षणी 'बिघडले' तर शंका निष्कर्षावर घ्यायला हवी.

दुरुस्ती म्हणूनच आवडली. दुसऱ्या टप्प्यासाठी तिसऱ्याचीच, कमी धक्क्याची विलगीकरण पद्धत घेतली. इक्विपमेंट बेची नैसर्गिक कंप्रता (धक्का बसल्यावर तो सेकंदाला जितक्या वेळा आपसूक थरथरतो ती) वाढवली. सेन्सर सदोष ठरवण्याआधी लॉजिक आता जास्त वेळ थांबतं. आणि तरीही गडबड झालीच, तर नाविकच्या, म्हणजे भारताच्या स्वतःच्या जीपीएससारख्या उपग्रह यंत्रणेच्या आकड्यांवरून मार्ग सुधारता येतो. यातली एकच गोष्ट करून भागलं नसतं.

१० फेब्रुवारी २०२३, वेळ पुन्हा सकाळी ९.१८ (मुहूर्त बदलला नाही, हे छान!). डी-२ ने, म्हणजे एसएसएलव्हीच्या दुसऱ्या उड्डाणाने १५ मिनिटांत ईओएस-०७, जानस-१ आणि आझादीसॅट-२ ला ४५० किमीच्या कक्षेत सोडलं.

एवढं आपल्याला कळतं, कारण इस्रोने अपयशाची कारणं जाहीर केली. मे २०२५ मध्ये पीएसएलव्ही-सी६१ चा तिसरा टप्पा दगावला, त्याचाही तपशील असाच खुला हवा.