मितानीची राजभाषा संस्कृत नव्हती

‘3400 वर्षांपूर्वी सिरियात मितानी लोक संस्कृत बोलत, तह संस्कृतात करत, घोड्यांवरचा ग्रंथही त्यांनी संस्कृतातच लिहिला’ हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. त्यात खरं एवढंच की मितानीच्या संदर्भात संस्कृतच्या नात्यातले मूठभर शब्द सापडतात.

आधी तह. मितानीचा राजा शत्तिवाझा आणि हित्ती (तुर्कस्तानातलं प्राचीन साम्राज्य) राजा शुप्पिलुलिउमा यांच्या तहाच्या मातीच्या पाट्या तुर्कस्तानात बोगाझकोयला मिळाल्या. त्या अक्कादी (मेसोपोटेमियातली, तेव्हा राजांच्या पत्रव्यवहारात चालणारी भाषा) आणि हित्ती भाषांत आहेत. मित्र, वरुण, इंद्र, नासत्य हे वैदिक देव साक्षीला आहेत खरे, पण लांबलचक यादीत, तेशुब या हुरियन (त्या भागातलेच प्राचीन लोक) वादळदेवाच्या बरेच मागे. नावंही ‘मित्रश्शिल’, ‘नाशत्तियन्न’ अशी, म्हणजे शेवटी हुरियन प्रत्यय लागलेली.

किक्कुली हा मितानीचा अश्वशिक्षक, पण त्याच्या घोड्यांवरच्या पाट्या हित्तीत आहेत. त्यात ‘अइकवर्तन्न’, ‘तेरवर्तन्न’, ‘पंझवर्तन्न’ असे शब्द येतात: एक, तीन, पाच फेऱ्या. ही धंद्यातली परिभाषा. मराठी समालोचनात ओव्हर-विकेट आली म्हणून समालोचन इंग्रजी ठरत नाही. शिवाय ‘अइक’मधला ‘अइ’ हा ऋग्वेदातल्या ‘एक’च्या ‘ए’पेक्षा जुना टप्पा आहे. त्यामुळे ‘वैदिक संस्कृतच तिकडे गेली’ हेही जुळत नाही.

राजांची नावं? तुश्रत्त म्हणजे ‘त्वेषरथ’ असावं. पण ही गादीवरची नावं. शत्तिवाझाचं मूळ नाव किली-तेशुब, तुश्रत्ताच्या मुलीचं तदु-हेपा. दोन्हींत हुरियन देवता.

मग बोलत काय होते? हुरियन. तुश्रत्ताने इजिप्तच्या तिसऱ्या आमेनहोतेपला पाठवलेली बाकी पत्रं अक्कादीत आहेत, एक मात्र हुरियनमध्ये, जवळपास 500 ओळींचं. अमार्नाला सापडलेल्या या पत्रावरच हुरियन व्याकरणाचा बराचसा डोलारा उभा आहे. ‘शेन’ म्हणजे भाऊ, ‘अत्तइ’ बाप, ‘एनि’ देव. यातला एकही शब्द भ्रातृ, पितृ, देव यांच्या जवळपास फिरकत नाही. प्रत्यय एकापुढे एक जोडले जातात: ‘शेनिफ्फे’ माझा भाऊ, ‘शेनिफ्फुश’ माझ्या भावाने. हा शेवटचा ‘श’ सकर्मक क्रियापदाच्या कर्त्यालाच लागतो. आपल्याकडे भूतकाळात ‘भाऊ आला’ पण ‘भावाने आंबा खाल्ला’ होतं, काहीसं तसंच. (यावरून हुरियन ही मराठीची मावशी असा नवा फॉरवर्ड कृपया काढू नका.) तिची खात्रीची नातलग एकच, वान सरोवराकाठची उरार्तियन, आणि तीही केव्हाच लोपली.