वाडा विलायतेतही पाडलाच होता

पुण्यात एखादा जुना वाडा पाडला, की आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हमखास येणार: 'इंग्रजांनी बघा, वीट न् वीट जपली!' पाठोपाठ मला टोचणी: 'तू तर तिथंच राहतोस, सांग की यांना.'

सांगतो.

मी राहतो त्याला लागूनच, पूर्व लंडनमध्ये, वॉन्स्टेड नावाचं उपनगर आहे. १६७३मध्ये तिथली जहागीर सर जोसाया चाइल्डनं विकत घेतली. हा पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा कर्ताधर्ता झाला. याच्या खुमखुमीपायी कंपनीनं औरंगजेबाशी लढाई ओढवून घेतली आणि १६८९मध्ये जंजिऱ्याचा सिद्दी याकूत खान मुंबईत उतरून माझगावात ठाण मांडून बसला. इंग्रज किल्ल्यात कोंडले गेले. शेवटी दीड लाख रुपये दंड भरून बादशहाची माफी मागावी लागली. एवढी नाचक्की करवणाऱ्या चाइल्डचं संगमरवरी स्मारक वॉन्स्टेडच्या सेंट मेरी चर्चमध्ये आजही ऐटीत आहे.

त्याच्या मुलानं १७१५च्या सुमारास कोलेन कॅम्बेल या वास्तुरचनाकाराकडून तिथं महाल उठवायला घेतला. वॉन्स्टेड हाउसचा दर्शनी भाग २६० फूट लांब होता. पुढे ही सगळी मालमत्ता कॅथरीन टिल्नी-लाँगकडे आली आणि तिनं १८१२मध्ये विल्यम वेलस्ली-पोलशी लग्न केलं. असईला शिंदे-भोसल्यांना हरवणाऱ्या आर्थर वेलस्लीचा हा सख्खा पुतण्या. (काका-पुतण्याचं महाराष्ट्राला काय कौतुक सांगायचं म्हणा!) त्यानं बायकोची दौलत दहा वर्षांत फुंकली. देणेकरी दाराशी आले, पण जमीन वारसाहक्कात अडकलेली, ती विकता येईना. मग १८२२मध्ये ३२ दिवस लिलाव चालला, खुर्च्या, चित्रं, पडदे सगळं गेलं. त्यानंतर खुद्द महालच दगड-लाकडाच्या भावानं दहा हजार पौंडांना काढला आणि पाडला. आज त्या जागी गोल्फच्या मैदानात एक खळगा आहे. भाऊबंदकी आणि भाडेकरूंत अडकलेल्या सदाशिव पेठेतल्या वाड्याची गत याहून फार वेगळी नसते.

मग इथं वाचलं काय? महालाभोवतीची जमीन. त्यातली तळी, झाडी आणि शेजारचं वॉन्स्टेड फ्लॅट्सचं विस्तीर्ण माळरान. तीही कुणाच्या इतिहासप्रेमामुळे वाचलेली नाही. हे माळरान एपिंग या जुन्या जंगलाचाच भाग. त्यातल्या माळांवर आसपासच्या जमीनधारकांना गुरं चारायचा हक्क होता. जमीनदार कुंपणं घालू लागले तेव्हा १८७१मध्ये हजारो लोकांनी फ्लॅट्सवर जमून ती उखडली. लंडनच्या नगरपालिकेनं जवळच दफनभूमीसाठी जमीन घेतली होती, त्या जमिनीबरोबर चराईचा हक्कही आला होता. त्याच हक्काच्या जोरावर नगरपालिका कोर्टात गेली आणि १८७४मध्ये जिंकली. १८७८ला हे जंगल आणि माळ लोकांसाठी मोकळे राखणारा कायदा झाला, १८८२मध्ये वॉन्स्टेड पार्क सगळ्यांना खुलं झालं. चराईचा हक्क नुसता कागदावर राहिला नाही. १९९०च्या दशकापर्यंत गाई इथल्या रस्त्यांवरून बिनधास्त हिंडत आणि लोकांच्या बागा फस्त करत.

आपल्याकडे याला गायरान म्हणतात. पण सातबारावर नाव सरकारचं असतं. त्यामुळे सौर प्रकल्पाला गायरान द्यायचं ठरलं, की गावकऱ्यांनी ठराव करायचा, मोर्चा काढायचा, तहसीलदाराला निवेदन द्यायचं. 'हा माझा हक्क आहे' असं कोर्टात म्हणायला एकेका शेतकऱ्याच्या हातात फारसं काही नसतं. वाड्यांवरून आपण जितकं भांडतो त्याच्या निम्मं तरी यावर भांडायला हवं, असं मला वाटतं. वाड्याला निदान फेसबुकवर अश्रू ढाळणारे भेटतात.

इथंही सगळं आलबेल नाही. १९९३मध्ये एम-११ या महामार्गाला जोडणाऱ्या रस्त्यासाठी वॉन्स्टेडच्या जॉर्ज ग्रीनवरचा चेस्टनटचा जुनाट वृक्ष तोडायचा होता. आंदोलकांनी त्यावर मचाण बांधलं. झाडाच्या नावे पत्रं येऊ लागली, त्याचा आधार घेऊन ते राहतं घर असल्याचा दावाही करण्यात आला. डिसेंबरात पोलिसांचा फौजफाटा आणून झाड पाडलंच. २०१९ला आरेमध्ये रातोरात झाडं कापली तेव्हा याच ग्रुपवर एकानं लिहिलं होतं, 'लंडनमध्ये असं कधीच घडलं नसतं.'

त्याला मी जॉर्ज ग्रीनचा पत्ता पाठवला.