‘फक्त स्टिकर बदलतो’ असे म्हणणाऱ्यांसाठी

गोव्यातल्या सायकलस्वारांच्या मोबाइलवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. त्याचा आशय असा: महागड्या माउंटन बाइक सगळ्या तैवानच्या त्याच त्या कारखान्यांत बनतात, फक्त स्टिकर बदलतो, त्यांना नावे ठेवणारे म्हणजे ज्यांना त्या परवडत नाहीत ते, गोडवे गाणारे म्हणजे ज्यांचे लाखो रुपये अडकले आहेत ते, तेव्हा ज्या ब्रँडवरून भांडणे होतात तो सरळ टाळावा. मजकूर चुरचुरीत आहे, पण त्यातले अर्धसत्य बाजूला केले तर हाती फारसे काही उरत नाही.

कारखान्यांचा मुद्दा आधी घेऊ, कारण त्यात तथ्य आहे. १९७२ साली तैवानमध्ये सुरू झालेल्या जायंट आणि मेरिडा या दोन्ही कंपन्यांनी इतरांसाठी सायकली बनवल्या. मेरिडाने तर २००१ मध्ये स्पेशलाइज्ड या अमेरिकी सायकल कंपनीचा मोठा हिस्साही विकत घेतला. गिअर आणि ब्रेकही बहुतेकांकडे शिमानोचे किंवा स्रॅमचेच असतात. पण एकाच गवंड्याने दोन घरे बांधली म्हणून दोन्ही घरांचा नकाशा एक होत नाही. सुटे भाग सारखेच असल्यामुळे उलट सगळा फरक फ्रेममध्ये, म्हणजे तिच्या कोनांत आणि मागचे चाक वरखाली होऊ देणाऱ्या सांध्यांच्या रचनेत, येऊन साठतो.

स्टिकरच बदलत असता तर या सांध्यांवरून पेटंटचे राजकारण झालेच नसते. सायकल-रचनाकार हॉर्स्ट लाइटनर यांच्या रचनेत मागच्या आसाच्या किंचित पुढे आणि खाली एक सांधा असतो, आणि त्यामुळे उतारावर ब्रेक दाबला तरी मागचे सस्पेन्शन आखडत नाही, काम करत राहते. ही पेटंटे स्पेशलाइज्डने १९९८ मध्ये विकत घेतली. युरोपात हीच रचना वापरणाऱ्या इतर कंपन्यांना अमेरिकेत परवान्याशिवाय तशी सायकल विकणे २०१३ पर्यंत, म्हणजे पेटंटाची मुदत संपेपर्यंत, शक्य नव्हते. ज्याने स्पेशलाइज्डची अशी सायकल खडकाळ उतारावर चालवली तो तिच्या प्रेमात पडला, आणि ज्याला तीच रचना दुसऱ्या कंपनीकडून हवी होती तो चिडला. प्रेम आणि राग दोन्ही एकाच सांध्यातून निघाले.

टीकाकारांना सायकल परवडत नाही, हा आरोप तर मला सर्वांत पोकळ वाटतो. कॅननडेल या सायकल कंपनीने पेडलचा आस बसवण्याची बीबी३० नावाची पद्धत आणली आणि २००६ मध्ये ती इतरांसाठीही खुली केली. तीत पेडलचा आस ३० मिलिमीटर जाड असतो आणि बेअरिंग आट्यांवर न बसवता थेट फ्रेममध्ये दाबून बसवलेले असते. वजन कमी, आस भक्कम. पण फ्रेमचे भोक केसभर जरी बिनसले तरी बेअरिंग कुरकुरू लागते. ही कुरकुर सायकलवर बसलेल्यालाच ऐकू येते. न परवडणाऱ्याला ती कशी कळणार? माझ्या स्वतःच्या सायकलला (ब्रँडचे नाव घेत नाही) अशाच दाबून बसवलेल्या बेअरिंगांनी दोन पावसाळे छळले. डिचोलीजवळच्या सड्यावरून परतताना प्रत्येक पेडलला ‘कट्’ असा आवाज, आणि मेकॅनिकने क्रँक (पेडलचा दांडा) काढला की आत ग्रीसच्या जागी जांभ्याचा लालसर लगदा. पुढे स्पेशलाइज्डसह काही कंपन्या कित्येक मॉडेलांत पुन्हा आट्यांकडे वळल्या. म्हणजे टीका अगदीच मत्सरातून आलेली नसावी.

(सगळी टीका यंत्राविषयी नसते, हेही खरे. २०१३ मध्ये कॅनडातल्या एका छोट्या सायकल दुकानाला त्याच्या नावातल्या ‘रूबे’ या शब्दावरून, जे तिच्या एका सायकलचेही नाव आहे, स्पेशलाइज्डने कायदेशीर धमकी दिली, तेव्हा ओरड करणाऱ्यांत त्याच कंपनीच्या सायकली चालवणारेही होते. शेवटी कंपनीच्या संस्थापकाने माफी मागितली.)

आता चाहत्यांविषयी. पैसे अडकले की माणूस आपल्या खरेदीची बाजू घेतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. आपण सगळेच तसे करतो. पण तेवढ्याने कॅननडेलच्या ‘लेफ्टी’ फोर्कविषयीची, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या भागाविषयीची, निष्ठा उलगडत नाही. या फोर्कला एकच पाय असतो, डावा. पाहणाऱ्याला सायकल मोडली आहे असेच वाटते. मात्र आत सुयांसारखी रोलर बेअरिंगे असल्यामुळे बाजूने जोर आला तरी तो अडखळत नाही, आणि पंक्चर काढताना चाक न उतरवता उघड्या बाजूने ट्यूब बदलता येते. त्याच फोर्कला खास हब (चाकाचा मधला तुंबा) लागतो आणि दुरुस्तीला जाणकार हात लागतो. जवळपास असा हात नसेल तर तोच फोर्क डोकेदुखी होतो. सांताक्रूझ या सायकल ब्रँडचेही तसेच. तिच्या सस्पेन्शनचा एक छोटा दुवा अगदी खाली, चिखलाच्या वाटेत असतो, म्हणून नाके मुरडणारे आहेत. पण त्या दुव्यात ग्रीस भरायला छिद्र दिलेले असते आणि मूळ मालकाला ही बेअरिंगे कंपनी आयुष्यभर बदलून देते, म्हणून जीव टाकणारेही आहेत.

राहिला शेवटचा सल्ला, भांडणाचा ब्रँड टाळण्याचा. ज्या सायकलविषयी कोणीच काही बोलत नाही ती निर्दोष असते असे नाही. कित्येकदा ती फारशी कोणी दामटलेलीच नसते. मला तरी उघड तक्रार अधिक उपयोगी पडते, फक्त ती कुठल्या हवेतून आली आहे हे पाहावे लागते. कॅलिफोर्नियाच्या कोरड्या धुळीत एखाद्या बेअरिंगची स्तुती झाली असेल, तर सांग्याच्या खाणरस्त्यावर जुलैत ते किती टिकेल याचे उत्तर त्या स्तुतीत नाही. गेल्या वेळी सायकल घेताना मी दुकानात फ्रेम उलटी करून प्रथम पेडलच्या आसाचे खालचे भोक पाहिले. आत आटे होते. किंमत त्यानंतर विचारली.